‘आता उघडलंच आहे, तर…’

आमच्या कापडाच्या दुकानाची ओम्नी २००३ सालची आहे. अण्णांनी ती नवी घेतली तेव्हा सांगलीच्या बाजारपेठेत जिकडे पाहावे तिकडे तशीच गाडी उभी दिसे. १९८४ मध्ये ही गाडी ‘मारुती व्हॅन’ या नावाने आली, १९८८ पासून ‘ओम्नी’ झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या पस्तीस वर्षांत किती व्यापारी कुटुंबांचा संसार तिने वाहिला असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आमच्या घरी सोमवार ते शनिवार मागचे बाक काढून इचलकरंजीहून कापडाचे गठ्ठे आणले जात, आणि रविवारी तेच बाक पुन्हा बसवून सारे कुटुंब कुंभोजच्या बाहुबलीला जात असे. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्यामुळे वैशाखात चालविणाऱ्याची मांडी भाजून निघे. तेवढे सोडले तर तिच्याविषयी तक्रार करावी असे कोणाला कधी वाटले नाही.

तक्रार गाडीची नाहीच. गाडी जुनी झाल्यावर ती ज्यांच्या हाती सोपवावी लागली, त्यांच्याकडून आलेला अनुभव येथे सांगावयाचा आहे. आणि त्यात आमचा स्वतःचा वाटा किती, तेही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. आमच्या ओम्नीची अशी पहिली फेरनोंदणी २०१८ मध्ये झाली. दुसरी २०२३ च्या आरंभी केली तेव्हा शुल्क पूर्वीच्या सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलेले होते, शिवाय पर्यावरण कर वेगळा. इतका खर्च केल्यावर गाडी विकण्याचा विषयच संपला. आणखी पाच वर्षे ती चालवायची, असे घरात ठरले. जुन्या गाडीचा धनी दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या मनाची नेमकी हीच स्थिती असते. आधी घातलेला पैसा वाया जाऊ नये, म्हणून तो आणखी घालायला तयार असतो. समोरच्याला ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी तापू लागली. जयसिंगपूरच्या पुढे गेले की काटा लाल रेषेकडे सरके. रस्त्यालगतच्या एका गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत निदान केले आणि अर्ध्या तासात इलाजही. त्याने थर्मोस्टॅट काढून फेकला आणि रेडिएटरच्या पंख्याची तार ‘डायरेक्ट’ केली. म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, गाडी तापलेली असो वा नसो. घेतले अवघे चारशे रुपये. आम्हाला तो देवमाणूस वाटला.

थर्मोस्टॅट ही इंजिनातील पाण्याच्या वाटेवरची झडप आहे. इंजिन थंड असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही; ठरावीक उष्णता आली की उघडते. ती काढली की इंजिनाला योग्य उष्णता गाठायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि झीजही वाढते. आपल्याकडे शेकडो जुन्या गाड्यांतून ती काढून टाकलेली आढळते, कारण काढणे सोपे आणि शोधणे कठीण. गाडी का तापते, या प्रश्नाचे उत्तर त्याने शोधलेच नव्हते. आम्हीही ते विचारले नव्हते. चारशे रुपयांत काम झाले, एवढ्यावर आम्ही खूश होतो.

मे महिन्यात गठ्ठे घेऊन परत येताना गाडीने भर रस्त्यात वाफ सोडली. हेड गॅस्केट गेले होते. गाडी ओढून एका मोठ्या दुकानात नेली. येथे लोखंडी शेड, चार-पाच पोरे, भिंतीवर टांगलेले पाने, काचेची केबिन आणि केबिनमध्ये मालक, असा व्यवस्थित देखावा होता. मालकाने सांगितले, “हेड उतरवायचं, लेथवर फेसिंग करून आणायचं, गॅस्केट बदलायचं. सात-आठ हजारांत बसेल, अण्णा. चार दिवस द्या.”

अण्णांनी मान हलवली. कागद कोणी मागितला नाही, कोणी दिलाही नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. “अण्णा, इंजिन उघडलंय. रिंगा संपल्यात. आता उघडलंच आहे, तर रिंग-पिस्टनचं करून घेऊ. परत परत उघडायला नको.” म्हणणे पटण्यासारखे होते. आठव्या दिवशी पुन्हा फोन. “गिअरबॉक्स खाली घेतलाच आहे, तर क्लचप्लेटही टाकून घेऊ.” बाराव्या दिवशी वॉटर पंप. पंधराव्या दिवशी, “गाडी उभीच आहे, तर मागचे ब्रेक बघतो, व्हील सिलिंडर गळतोय.” प्रत्येक वेळी वाक्य तेच होते, फक्त भाग बदलत होता.

न्यायाने सांगायचे, तर या वाक्यात खोटेपणा असतोच असे नाही. जुने इंजिन उघडल्याशिवाय आतले दिसत नाही. वीस वर्षांचा गंजलेला बोल्ट सोडवताना तुटतो, मग तो काढायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे देताना गिऱ्हाईक कुरकुरते. उधारी थकते. आज मिस्त्रीच्या हाताखाली येणारा मुलगा संगणक लावून नव्या गाडीचा दोष वाचायला शिकतो. जुन्या गाडीचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कारागीर मिळेनासा झाला आहे. हे सारे मान्य. तथापि उघडलेले इंजिन दुकानात पडले असताना ‘नको’ म्हणण्याची सोय गाडीवाल्याला उरत नाही, हे मालकही जाणतो. कापडाचा तागा एकदा फाडला की तो परत घेता येत नाही, हे आपण आपल्या गिऱ्हाइकाला सांगतोच की! फरक इतकाच की आपण फाडण्यापूर्वी मीटर विचारतो.

सतराव्या दिवशी अण्णा स्वतः गेले. गाडी आहे त्या स्थितीत ओढून न्यायची, असे त्यांनी ठरवले होते. मालक शांतपणे म्हणाला, “न्या की. आतापर्यंतच्या कामाचे पैसे तेवढे द्या.” या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे आम्हाला नंतर एका वकील स्नेह्यांकडून कळले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्या कारागिराला त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार आहे. सोनार, शिंपी, मिस्त्री सगळे त्यात आले. म्हणजे मालक अगदीच मनमानी करीत नव्हता. परंतु हा अधिकार ठरलेल्या कामापुरताच आहे. काय ठरले होते, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर सांगणारा एकही कागद आमच्यापाशी नव्हता. फोनवर आपण ‘बरं, करा’ म्हणालो होतो, एवढे मात्र सर्वांना आठवत होते.

तेविसाव्या दिवशी गाडी तयार झाली. आकडा निघाला सत्तावीस हजार चारशे. एका वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली यादी, तीत ‘पार्ट’ आणि ‘लेबर’ असे दोन रकाने. जुने भाग दाखवा म्हटले तर उत्तर आले, “भंगारात गेले.”

आता जे घडले ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. मालकाने विचारले, “पक्कं बिल करू की असंच?” पक्के केले तर कराचे पाच-सहा हजार वर लागतील, असेही त्याने सांगितले. मी म्हणालो, “असंच असू द्या, पण मग थोडं कमी करा.” घासाघीस झाली. पंचवीस हजारांवर सौदा तुटला. पेन्सिलीने लिहिलेले पान मालकाने चुरगाळून टोपलीत टाकले. दुकानातून बाहेर पडताना मी मनातल्या मनात हिशेब करीत होतो, की चोवीसशे सुटले, कराचेही वाचले, एकूण सात-आठ हजारांचा फायदा झाला. व्यापाऱ्याच्या मुलाला दुसरे काय सुचणार?

श्रावणातल्या एका रविवारी थोरले बंधू आईला, वहिनींना आणि दोन्ही मुलींना घेऊन बाहुबलीला गेले. परतताना जयसिंगपूर ओलांडले. अंकलीच्या पुलाअलीकडे वाहनांची रांग लागलेली होती. बंधूंनी ब्रेक दाबला, तो पायाखाली थेट तळाला गेला. दोन-तीन वेळा पाय मारल्यावर थोडासा जोर आला. त्यांनी गिअर उतरवला, गाडी डावीकडच्या मातीत घातली. समोरच्या उसाच्या ट्रॉलीपासून ती दीड-दोन हातांवर थांबली. ओम्नीला पुढे बॉनेट नाही, हे ज्याने ती चालवली आहे त्याला सांगायला नको. चालविणाऱ्याचे गुडघे आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये पत्रा असतो, बस्स. धाकटी पुतणी पुढे आजीच्या मांडीवर होती.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. आई गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ तशीच बसून राहिली, असे वहिनींनी नंतर सांगितले.

गाडी मिरजेच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांना सारे गाव चाचा म्हणते. पत्र्याची एक खोली, पुढे निंबाचे झाड, झाडाखाली काम. त्यांनी मागची दोन्ही चाके काढली, ड्रम उतरवले आणि आम्हाला जवळ बोलावले. डाव्या चाकातला व्हील सिलिंडर जुनाच होता. आतली नळी गंजाने खरवडलेली. तिच्यात फक्त नवे रबर घालून वरून पुसून बसवले होते. खरवडलेल्या नळीत नवे रबर फार दिवस टिकत नाही. कड फाटते, तेल झिरपते आणि ब्रेकशू तेलात भिजतात. आम्ही नव्या सिलिंडरचे पैसे दिले होते, दोन्ही चाकांचे.

चाचांनी मग इंजिनाकडे मोर्चा वळवला. वॉटर पंप खरोखरच नवा होता; ते त्यांनी आपणहून सांगितले. पण रेडिएटरचे झाकण पाहून ते हसले. या झाकणात एक स्प्रिंग असते. ती आतल्या पाण्यावर दाब राखते आणि दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळते, वाटेतच उडून जाते आणि गाडी तापते. “मालक, बीमारी इथं होती,” चाचा म्हणाले. “दोन महिन्यांपूर्वी हे बदललं असतं, तर हेड कशाला गेलं असतं?” झाकणाची किंमत दीडशे रुपयांच्या आत होती. पंचवीस हजार खर्चूनही ते जुनेच राहिले होते.

मी त्याच दुपारी मोठ्या दुकानात गेलो. रागात होतो, आवाज चढला. मालकाने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “बिल दाखवा. सिलिंडर नवे टाकले असं कुठं लिहिलंय?”

टोपलीतले ते चुरगाळलेले पान माझ्या डोळ्यांसमोर आले. ते तिथे पोहोचावे म्हणून चोवीसशे रुपयांची सूट मीच मागून घेतली होती.

पुन्हा वकील स्नेह्यांकडे गेलो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. वकीलही अनिवार्य नाही. बिल न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ऐकून मी सुखावलो. मग त्यांनी विचारले, “पैसे कोणत्या खात्यातून दिले? घरच्या की पेढीच्या?” काही रोख, काही पेढीच्या खात्यातून. ते जरा थांबले. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. स्वतः राबून उपजीविका करणाऱ्या लहान माणसाला कायद्याने सवलत ठेवली आहे खरी. परंतु नोकरमाणसे असलेल्या पेढीला ती मिळवताना समोरचा वकील वाद घालणारच. सोमवार ते शनिवार गठ्ठे आणि रविवारी कुटुंब वाहणारी गाडी कायद्याच्या कोणत्या खणात ठेवायची? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्या व्हॅन अशाच दुहेरी कामाच्या असतात, म्हणून ही बाब मुद्दाम सविस्तर लिहिली. पुरावा नसल्याने आमची तक्रार पुढे गेली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र तेव्हापासून दुकानात भिंतीवर लिहून ठेवला आहे.

या प्रकरणानंतर ओळखीच्या व्यापाऱ्यांशी बोललो तर प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक कथा निघाली. एकाची नवी बॅटरी दुरुस्तीहून परतताना जुनी होऊन आली. तेव्हापासून ते गाडी सोडताना बॅटरीवरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढतात. दुसऱ्यांच्या गाडीतला जॅक आणि स्टेपनी नाहीशी झाली, आणि ते चाक पंक्चर झाल्यावरच कळले. तिसऱ्यांना नामांकित कंपनीच्या खोक्यातून बनावट ब्रेकशू मिळाले. मिस्त्रींच्या भाषेत याला ‘लोकल’ म्हणतात. लोकल म्हणून लोकलच्या भावात घेतला तर तो ज्याचा त्याचा निर्णय. अस्सलच्या खोक्यात घालून दिला तर गोष्ट वेगळी होते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, तो आपण स्वाध्यायात ऐकलेला असतो. आर्ट सिल्क रेशीम म्हणून खपवणाऱ्या कापडवाल्याने हा शब्द ऐकताना इकडेतिकडे पाहावे, अशी आमच्या आजीची टीका असे.

अण्णा या साऱ्या काळात फारसे बोलले नाहीत. मी मोठ्या दुकानदाराला शिव्या घालत असताना एकदाच त्यांनी विचारले, “परवा त्या लग्नाच्या बस्त्याचं बिल केलंस का रे?” केले नव्हते. गिऱ्हाइकानेच नको म्हटले होते, आणि मी भाव थोडा कमी केला होता.

चाचांची पद्धत सांगण्यासारखी आहे. गाडी आली की ते एका वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि गाडीवाल्याने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. ‘चढावर गुरगुरते’ असे म्हटले तर ‘चढावर गुरगुरते’ असेच लिहितात. रोगाचे नाव लिहीत नाहीत. मग तपासून अंदाज सांगतात आणि त्याखाली गाडीवाल्याची सही घेतात. आकड्यापुढे दोन हजारांहून अधिक जाणार असेल, तर काम थांबवून निरोप धाडतात. महाग भाग ते स्वतः आणत नाहीत. चिठ्ठी देतात, भाग आपण दुकानातून बिलासकट आणायचा. काढलेला जुना भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून आसनाखाली ठेवतात. हे सर्व ते शिकले कसे, असे मी विचारले. पूर्वी ते एका मालवाहतूकदाराच्या गाड्या सांभाळत, आणि त्यांचा मुनीम जुना नट दाखवल्याशिवाय नव्या नटाचे पैसे देत नसे. “तेव्हा लई राग यायचा त्याचा,” चाचा म्हणाले.

त्यांचे दर कमी नाहीत. घाईच्या वेळी तर त्यांच्याकडे नेऊच नये; एक काम संपल्याशिवाय ते दुसऱ्याला हात लावत नाहीत. शिवाय दुपारी दोन तास त्यांचे गॅरेज बंद असते. दोनदा मी वैतागून दुसरीकडे जाण्याचा विचार केला आणि दोनदा परत फिरलो. ब्रेकचे काम त्यांनी पूर्ण केले. थर्मोस्टॅट पुन्हा बसवला, पंख्याची तार मूळ जागी जोडली. एकूण खर्च सहा हजार आठशे. त्याची सर्व बिले अण्णांनी एका पाकिटात घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली आहेत. सोबत एक लहान वही आहे. तीत तारीख, किलोमीटर, काय केले, कोणी केले, किती दिले, एवढे पाचच रकाने. मोठ्या दुकानाच्या नावापुढचा रकाना अण्णांनी कोरा ठेवला आहे. पंचवीस हजारांपुढे काय लिहायचे, ते त्यांना माझ्याकडून ऐकायचे आहे.

दुकानात ‘बिल करू का?’ हा प्रश्न थोरल्या बंधूंनी बंद केला. आता ते होतेच. दोन-तीन जुनी गिऱ्हाइके त्यामुळे समोरच्या दुकानात जाऊ लागली आहेत, हेही नमूद करायला हवे.

ओम्नी अजून इचलकरंजीला जाते. तिची पुढची फेरनोंदणी २०२८ मध्ये आहे. धाकटी पुतणी मात्र तिच्यात पुढे बसत नाही. मागच्या बाकावर, अगदी सरकत्या दरवाजालगत बसते, आणि गाडी हलण्यापूर्वी बापाला विचारते, “ब्रेक बघितलास?” बंधू इंजिन सुरू करून पायडल तीनदा दाबून दाखवतात. मग ती दरवाजा ओढून घेते.